दुकानावरची बैठक

संध्याकाळचा चहा व्हायची वेळ आली की औषधवाल्याच्या डोक्यावर पावलं वाजायला लागत. दुकान खाली, घर वर आणि मधे नुसत्या लाकडी फळ्या. त्यामुळे वर कोण आलंय हे त्याला जिना न चढताच कळायचं. हेडमास्तर पाय घासत चालायचे. बेकरीवाली आली की फळ्या कण्हायच्या आणि बारीक धूळ खाली गोळ्यांच्या खोक्यांवर उतरायची. चष्मेवाल्याच्या पावलांचा आवाज येत नसे, त्याचा फक्त खोकला यायचा. खोकल्यानंतर थोडी शांतता. त्या शांततेत तो वर आलेलं परत गिळतोय हे औषधवाल्याला ठाऊक होतं, कारण समोर बसून ते त्याने पुष्कळदा पाहिलं होतं.

दुकानाच्या दाराला एक घंटी होती. गिऱ्हाईक आत आलं की ती वाजायची. ती वाजली की वरची सगळी पावलं रस्त्याच्या बाजूच्या खिडकीकडे जायची आणि गिऱ्हाईक पिशवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तिथेच खिळायची. ती खिडकी दुकानाच्या दाराच्या बरोबर वर होती.

सुरुवातीला त्याला या पावलांचं बरं वाटायचं. लग्न करून दोघं या गावात आले तेव्हा त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. बायको बोलकी. माहेरी भरल्या घरात वाढलेली. इथे दिवसभर भिंतींशी बोलणार किती. तिने पडदे शिवले, कपांचा नवा संच आणला, आणि तो संच कितीतरी दिवस कपाटात तसाच कोरा राहिला. मूलही झालं नाही. रात्री जेवताना ती त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. आज काय झालं, कोण आलं, काय म्हणालं. तो थकलेला असायचा, पण तिच्यासाठी काहीतरी सांगायचा. हेडमास्तरांचं पोट पुन्हा अडलंय, जुलाबाचं औषध घेऊन गेले. चष्मेवाल्याच्या सुनेने झोपेच्या गोळ्या मागितल्या, चिठ्ठीशिवाय दिल्या नाहीत. असलं काहीबाही. बायकोला नाही सांगायचं तर कुणाला, असं त्याला वाटायचं. किंबहुना काही वाटायचंच नाही, घास चावता चावता माणूस बोलतो तसं तो बोलायचा.

मग हळूहळू लोक यायला लागले. आधी बेकरीवाली, मग बाकीचे. कप कपाटातून बाहेर आले. बायकोच्या चेहऱ्यावर तजेला आला. औषधवाल्याची समजूत अशी की हिच्या हातचा चहा लोकांना आवडतो.

ही समजूत एका साध्या दुपारी संपली. बेकरीवाली दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला आली होती. तेवढ्यात रस्त्याने चष्मेवाल्याची सून गेली. बेकरीवालीने काउंटरवर छाती टेकवली, केसातली पिन काढून दातातलं काहीतरी टोकरलं, पिनेच्या टोकाकडे पाहिलं, ते पुन्हा तोंडात घातलं आणि म्हणाली, "बिचारीला झोप नाही म्हणे. चिठ्ठीशिवाय गोळ्या मागते. तुम्ही दिल्या नाहीत ते बरं केलंत, भाऊ. उद्या काही बरंवाईट झालं तर नाव तुमचं."

त्याने गोळ्यांची पट्टी पुढे सरकवली. तिने पिन केसात परत खोचली आणि गेली. काउंटरच्या काचेवर तिच्या श्वासाचा गोल डाग राहिला होता. तो त्याने पुसला, मग फडकंच टाकून दिलं.

त्या रात्री त्याने बायकोला विचारलं. ती भाजी वाढत होती. ती म्हणाली, "मी काय कुणाची चोरी केली? चार माणसं येतात, बसतात, विचारतात. तोंड शिवून बसू का?"

"अगं, लोक विश्वासाने येतात दुकानात."

"मग तुम्ही तरी मला कशाला सांगता?"

तिचं म्हणणं खरंच होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने जेवताना दुकानाचा विषय काढणं बंद केलं. ती विचारायची, तो म्हणायचा, नेहमीचंच. काही दिवस ती फुगून होती. मग तिने विचारणंही सोडलं.

पण बैठक काही थांबली नाही. वर चहा होतच होता, पावलं खिडकीकडे धावतच होती. आता बायको त्याच्यासाठी चहा घेऊन खाली यायला लागली. आधी कधी आणत नसे. नेमकं गिऱ्हाईक असतानाच यायची. कप ठेवता ठेवता तिची नजर काउंटरवरच्या खोक्यावरून फिरायची. अक्षरं तिला लांबून वाचता येत नसत, पण खोक्यांचे रंग तिला पाठ झाले होते. निळा पट्टा म्हणजे रक्तदाब. पिवळं खोकं म्हणजे नायटा. वर गेल्यावर पावलं तिच्याभोवती गोळा व्हायची.

एका रविवारी तो त्या बैठकीत बसला. बायकोनेच आग्रह केला होता, लोक म्हणतात भाऊंना आमचा राग आहे का. त्याने सगळ्यांना जवळून पाहिलं. हेडमास्तर बिस्कीट चहात बुडवून ते इतका वेळ धरायचे की अर्धं आत गळून पडायचं. मग दोन बोटं कपात घालून तो लगदा काढायचे, चोखायचे आणि तीच बोटं सतरंजीला पुसायचे. चहाचा थेंब मिशीच्या टोकाला लोंबत राहायचा, आणि ते एखाद्याविषयी बोलता बोलता जिभेने तो आत ओढायचे. चष्मेवाला स्वतःच्या सुनेविषयी हलक्या आवाजात सांगत होता आणि सांगताना कानात करंगळी फिरवत होता. बेकरीवाली दुकानातला शिळा केक घेऊन आली होती. त्याचं क्रीम वरून पिवळं पडलं होतं. सगळ्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला. खाता खाता एकेका घराचा विषय निघायचा. त्या घरातल्या माणसाचं दुखणं, मग त्याची चालचलणूक, मग त्याचा बाप. ताटलीतला केक आणि तो माणूस दोन्ही बरोबरच संपायचे.

औषधवाल्याने केकचा तुकडा हातरुमालात गुंडाळून खिशात टाकला. त्यानंतर तो रविवारी दुकान उघडं ठेवायला लागला.

गल्लीच्या टोकाला एक शिलाईवाली राहायची. नवऱ्याने टाकलेली, चाळिशीची, अंगाने काटक. तळमजल्याच्या एका खोलीत तिचं मशीन होतं आणि मागच्या खोलीत तिची म्हातारी घरमालकीण अंथरुणाला खिळून होती. म्हातारीचं स्वतःचं कुणी नव्हतं. भाड्याच्या बदल्यात हिने तिचं सगळं करायचं असं ठरलं होतं. गावातल्या निम्म्या बायकांचे कपडे ही शिवायची. शाळेचे गणवेशही तिच्याकडेच. बोलणं मोजकं, कारण तोंडात बहुतेक वेळा टाचण्या.

ती एका संध्याकाळी दुकानात आली. घंटी वाजली. वर पावलं सरकली. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून ती पुढे झाली आणि हळू म्हणाली, "भाऊ, खरजेला काय देता?"

"कुणाला झालंय?"

"आजींना. काखेत, बोटांच्या बेचक्यात. रात्रभर खाजवतात. पाठ सोलून निघालीये."

त्याने मलम काढलं. हे मानेपासून पायापर्यंत लावायचं, सकाळी गरम पाण्याने आंघोळ, चादरी आणि कपडे उकळून उन्हात टाकायचे, हे सगळं समजावलं. "आणि ताई, तुम्हीही लावा. घरात एकाला झालं की सगळ्यांनी लावायचं असतं. तुम्हाला नसलं तरी."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "मला नाहीये, भाऊ. मी हात धुते. पण कपडे लोकांचे असतात माझ्याकडे."

"म्हणूनच म्हणतो. दोन नळ्या न्या. आठवड्यात सगळं साफ होईल. साधी गोष्ट आहे."

त्याच वेळी जिन्याचं दार उघडलं आणि बायको चहाचा कप घेऊन आत आली. औषधवाल्याने काही विचार न करता हात पुढे केला आणि दोन्ही नळ्यांवर पंजा ठेवला. बायको कप ठेवून उभी राहिली. शिलाईवालीने तिच्याकडे पाहून मान लववली. मग बायको वर गेली. त्याने नळ्या कागदात गुंडाळून दिल्या. शिलाईवाली बाहेर पडली तेव्हा वर इतकी शांतता होती की त्याला चष्मेवाल्याचा श्वास ऐकू आल्यासारखं वाटलं.

त्याला वाटलं, आपण वेळेवर हात घातला. तो हातच महागात पडला.

आतापर्यंत त्याने कुणाचंच औषध असं झाकलं नव्हतं. मग हिचंच का? वरच्या खोलीत तेवढंच पुरलं. नवऱ्याने टाकलेली बाई, संध्याकाळच्या वेळेला एकटी येते, खाली मान घालून बोलते, आणि भाऊ हाताने झाकतात. खरूज कुणाच्या मनातही आली नाही. खरूज झाकायची गोष्ट थोडीच आहे? त्यांनी त्याहून वाईट रोग शोधला, ज्याचं नाव हेडमास्तर उच्चारत नसत, फक्त डोळे मिटून मान हलवायचे. नवऱ्याने का टाकलं असेल तेही त्याबरोबर उलगडलं. दोन दिवसांत ते गल्लीभर झालं.

मापं घेताना हात लागतो, बेकरीवाली म्हणाली. टाचण्या तोंडात धरते आणि त्याच आपल्या कपड्यात टोचते. हे ऐकून बायकांच्या अंगावर काटा आला. शिवायला टाकलेले कपडे लोक परत न्यायला लागले. कुणी म्हणालं, लग्न पुढे गेलं. कुणी म्हणालं, कापड आवडलं नाही. एकीने आपला शिवून तयार ड्रेस तिच्या दारातच चिमटीत धरून पिशवीत टाकला आणि चौकात जाऊन पिशवीसकट कचऱ्याच्या पेटीत फेकला. शाळेने गणवेशाचं काम शेजारच्या गावच्या माणसाला दिलं.

हेडमास्तर एके सकाळी दुकानात आले. त्यांनी जुलाबाचं औषध मागितलं आणि पैसे देता देता पुढे वाकले. त्यांच्या तोंडाला रात्रभर बंद राहिलेल्या खोलीसारखा वास होता.

"तुम्ही काही सांगू नका. धंद्याची गोष्ट आहे, मला कळतं. मी नुसतं विचारतो. तो रोग आहे की नाही? तुम्ही फक्त मान हलवा."

औषधवाला त्यांच्याकडे बघत राहिला. नाही म्हणावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण आज हिच्यासाठी नाही म्हटलं, तर उद्या दुसऱ्या कुणासाठी विचारतील आणि तेव्हा गप्प राहिलो तर तेच होय होईल. मग प्रत्येकाचा रोग या माणसासमोर मान हलवून सांगायचा. आणि त्यांनी पुढे विचारलं असतं, तो नाही तर मग कोणता? तो काहीच बोलला नाही. त्याने मानही हलवली नाही.

"समजलं," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला. ओलसर, मऊ हात. "तुम्ही फार सज्जन आहात, भाऊ."

ते गेल्यावर त्याने मोरीत जाऊन हात धुतला. साबण लावून पुन्हा धुतला. वास गेला, पण हात आपला वाटेना.

शिलाईवाली त्यानंतर आली ती भर दुपारी, रस्त्यावर माणसं असताना. ती काउंटरपाशी उभी राहिली. "भाऊ, तुम्ही कुणाला काही बोललात?"

"नाही, ताई."

"शपथ घ्यायला लावत नाही. पण लोक कपडे का नेताहेत ते मला कळलंय. दूधवाल्याच्या बायकोने सांगितलं." ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "आजींची खरूज बरी झाली. मला झाली नव्हतीच. आता तुम्हीच सांगा सगळ्यांना, खरूज होती म्हणून. मी म्हणते तुम्हाला, सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. त्याला एकदम सुटल्यासारखं झालं. "आजच सांगतो."

पण ती तशीच उभी राहिली. काउंटरच्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. "नको," ती शेवटी म्हणाली. "खरूज म्हटलं तर कोण देणारे कपडे? त्या रोगाचा नुसता संशय आहे. खरजेची खात्री होईल."

ती हसली नाही. तिच्या बोलण्यात रागही नव्हता. एखादं कापड कमी पडतंय हे सांगावं तसं तिने सांगितलं आणि ती गेली. औषधवाल्याने त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांसाठी चुकीची औषधं काढली. देण्याआधी ते लक्षात आलं, एवढंच नशीब.

संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि तो वर गेला.

तिघंही होते. बेकरीवालीने क्रीम लावलेले बन आणले होते. त्याला बघून हेडमास्तर सरकून बसले, चष्मेवाल्याने खुर्ची दिली, बायकोने आनंदाने कप भरला. सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे वळले. दुकानाचा मालक स्वतः चालून आला, आता काहीतरी मिळणार. हेडमास्तरांच्या मिशीला क्रीम लागलं होतं.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," औषधवाला म्हणाला.

बायकोने किटली खाली ठेवली.

"मला मूळव्याध आहे. पंधरा वर्षं झाली. कुणाला माहीत नाही, कारण मला दुकानात जाऊन औषध घ्यावं लागत नाही. मी फळीवरून काढतो. माझं काय चाललंय ते या खिडकीतून दिसत नाही."

त्याने ठरवून आलेला सगळा मजकूर सांगायला सुरुवात केली. कोंब कसा बाहेर येतो, तो बोटाने आत कसा ढकलावा लागतो. रक्त कसं येतं, बसताना काय होतं. मागच्या वर्षी तिथे गळू होऊन पू झाला तेव्हा तो खाली दुकानात उभा राहून कसा औषधं विकत होता आणि पँटच्या आत कापसाची घडी कशी ओली होत होती. त्याने एकही शब्द गाळला नाही. त्याला त्यांचे घास तोंडात अडकवायचे होते. एकदा तरी यांच्या घशाशी यावं, ताटल्या बाजूला साराव्यात, उठून जावं, आणि पुन्हा कुणाचं दुखणं चघळताना हे आठवावं, एवढीच त्याची इच्छा होती.

कुणीही ताटली बाजूला सारली नाही.

हेडमास्तर खुर्ची ओढून जवळ आले. चष्मेवाल्याने कानातली करंगळी काढली. बेकरीवालीने बोटावरचं क्रीम चाटलं आणि विचारलं, "रक्त लाल येतं का काळं?"

"लाल," तो म्हणाला.

"लाल असेल तर वरवरचं असतं. आमच्या दिराला काळं यायचं. तो गेला." तिने बनचा आणखी एक लचका तोडला. "पुवाला वास होता का?"

मग हेडमास्तरांना त्यांचं आठवलं. त्यांचं पोट साफ झालं नाही की ते काय करतात, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. चष्मेवाल्याने आपल्या कफाचा रंग सांगितला, आणि थंडीत तो कसा बदलतो तेही. बेकरीवालीने मांडीवरचा नायटा दाखवायला झग्याची कड वर घेतली. कुणाला लाज वाटत नव्हती, कुणाला किळस येत नव्हती. त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या वर्षांत त्यांनी इतकी चांगली संध्याकाळ घालवली नव्हती. आणि मधूनमधून एकेकजण त्याच्या गुडघ्यावर थोपटत होता, जणू तो आज त्यांच्यात आला होता.

औषधवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्या हातातला कप कलला होता आणि चहा तिच्या पायावर सांडत होता, तिला कळत नव्हतं.

त्याला कोरडी उबळ आली. तो उठला आणि कसाबसा मागच्या मोरीपाशी पोचला. पोटातलं सगळं बाहेर पडलं, मग नुसतं पित्त. नळाची धार सोडून तो दगडावर कपाळ टेकून उभा राहिला. दाराआडून त्याला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"मूळव्याधीत ओकारी होत नाही," हेडमास्तर म्हणत होते. "हे दुसरं काहीतरी आहे."

"पोटात असणार," चष्मेवाला म्हणाला.

"मला तर आधीपासूनच वाटत होतं," बेकरीवाली म्हणाली. "वहिनी, यांचं वजन उतरलंय का हो?"

बायकोने काय उत्तर दिलं ते त्याला ऐकू आलं नाही.

आठवड्याभरात गावभर झालं की औषधवाल्याच्या पोटात गाठ आहे आणि तो स्वतःच्याच दुकानातली औषधं खाऊन दिवस काढतोय. लोक दुकानात आले की त्याच्या गालफडांकडे बघायचे. काहींनी औषधं दुसरीकडून आणायला सुरुवात केली, याच्या हातचं घ्यावं की नाही म्हणून. काही उलट जास्त यायला लागले, फक्त डोळे भरून बघायला. एका बाईने त्याच्या पँटकडे इतकं टक लावून पाहिलं की त्याला काउंटरच्या मागे बसून घ्यावं लागलं.

मात्र या गडबडीत शिलाईवाली लोकांच्या तोंडातून निसटली. एका वेळी एकच माणूस चावता येतो. शाळा सुरू व्हायची वेळ आली, शेजारच्या गावच्या माणसाने गणवेशांच्या बाह्या आखूड केल्या, आणि बायका पुन्हा कापडं काखेत मारून तिच्या दारात उभ्या राहिल्या. कुणी झालं गेलं बोललं नाही. जिने ड्रेस कचऱ्यात टाकला होता तीही आली आणि तसाच दुसरा शिवून मागू लागली.

हे औषधवाल्याला कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. चला, आपली घाण कुणाच्या तरी कामी आली. काही दिवसांनी शिलाईवाली आजींच्या खोकल्याचं औषध घ्यायला आली. तिचा चेहरा भरला होता.

"काम आहे ना, ताई?"

"श्वास घ्यायला वेळ नाही, भाऊ." तिने औषध पिशवीत ठेवलं, पण निघाली नाही. "तुम्हाला सांगायला हवं. बायका येतात माझ्याकडे मापं द्यायला, तेव्हा तुमचंच विचारतात. तू त्यांच्याकडे जातेस, तुला माहीत असेल म्हणतात. सांगितल्याशिवाय उठत नाहीत."

"मग?"

"मी म्हटलं, हो, त्यांना फार त्रास आहे. रंगही उतरलाय म्हटलं." तिने नजर चुकवली नाही. "मला पोट आहे, भाऊ. आणि आजी आहेत. तुम्हाला राग आला तर येऊ दे. पण मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी पुन्हा माझंच काढलं असतं."

त्याला राग आला नाही. त्याच्या तोंडात कडवट पाणी जमा झालं आणि ते त्याने गिळलं. "तुमची चूक नाही," तो म्हणाला. ते खरंही होतं. पण ती गेल्यावर तिने हात टेकला होता ती काच त्याने पुसली, आणि पुसता पुसता त्याला स्वतःचीच शिसारी आली.

वरची बैठक मूळव्याधीच्या त्या संध्याकाळनंतर मोडली. मोडली ती बायकोने. दुसऱ्या दिवशी तिघं जिना चढून आले तेव्हा तिने दार उघडलं नाही. बेकरीवालीने हाका मारल्या, वहिनी, वहिनी, भाऊंना कसंय आता? हेडमास्तरांनी काठीने दार वाजवलं. बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. त्याने खालून सगळं ऐकलं. मग पावलं जिन्यावरून उतरली आणि रस्ता ओलांडून बेकरीत गेली. आता ते तिथे बसतात. बेकरीच्या बाकावरून औषधाचं दुकान समोर दिसतं, आणि वरची खिडकीही.

नवरा-बायको त्या विषयावर कधी बोलले नाहीत. तिने खिडकीला जाड पडदा लावला. दिवस दिवस घरात आवाज नसे. ती बारीक झाली. जेवताना दोघं समोरासमोर बसायची, चमचे वाजायचे, पाणी ओतल्याचा आवाज व्हायचा. तिची चूक तिला कळली आहे हे त्याला दिसत होतं. तिला आता माणसांची भीती बसली आहे, हेही दिसत होतं. ती भाजी आणायलासुद्धा दुपारी, रस्ता रिकामा असताना जायची. कधी कधी त्याला वाटायचं, काहीतरी बोलावं. पण त्याच्याकडे बोलायला दुकानाशिवाय काय होतं? आणि दुकानाचं तो बोलणार नव्हता.

असे बरेच दिवस गेले. एका रात्री तिने त्याला सूप वाढलं, स्वतःला घेतलं, आणि चमचा तसाच बशीत ठेवून बसली.

"आज भाजीवालीकडे गेले होते," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज निघाला होता, त्यामुळे तो जरा चिरकला. "ती सांगत होती, चष्मेवाल्याची सून घर सोडून गेली. माहेरी नाही गेली म्हणे. कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही."

ती थांबली. त्याने थांब म्हणावं म्हणून थांबली की विचारावं म्हणून, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. थांब म्हणायची त्याची तयारी होती. शब्द तोंडात होता. त्या मुलीने मागितलेल्या झोपेच्या गोळ्या त्याला आठवल्या, खिडकीशी बसलेला तिचा सासरा आठवला, आणि तरीही पोटातून काहीतरी वर सरकलं. ती भूक होती. इतक्या दिवसांत जेवताना कधी न लागलेली भूक.

त्याने सूपची वाटी बाजूला सरकवली आणि तो बायकोकडे वाकला.

"एकटीच गेली का?" त्याने विचारलं.